एकोण

"दोन हाईत," गुंडू पोस्टमन सायकल मांडीला टेकवून उंबऱ्याबाहेरनंच म्हणाला. "एक तुमचं. दुसरं तुमच्या दारातनं जायचं, पर तुमचं न्हवं. द्वारा हाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत तो गंगावेशीच्या चिखलातून घंटी वाजवत निघून गेला. अरुणाच्या हातात दोन खाकी पाकिटं राहिली. दोन्हींवर लॉ कॉलेजचा तोच निळा शिक्का, तोच टाइप. एकावर कु. अरुणा तवनाप्पा मगदूम. दुसऱ्यावर कु. मेहरुन्निसा बाबालाल अत्तार, आणि खाली बारीक अक्षरात, द्वारा कु. अरुणा मगदूम. द्वारा. हा शब्द तिनं आजवर शेकडो वेळा वाचला होता, पण आज पहिल्यांदाच तो तिला टोचला. आपण माणूस नव्हे, दार. दुसरीच्या नशिबानं आपल्यातनं आत जायचं, आणि आपण चौकटीसारखं नुसतं उभं राहायचं. फॉर्म भरताना मेहरू म्हणाली होती, "तुझा पत्ता घालतो गं. आमच्या अम्मीच्या हातात पडलं तर चुलीत जाईल. तिला मी मुरगूडच्या खालाच्या घरात सून म्हणून पायजे, वकील म्हणून न्हवं." तेव्हा अरुणा मोठ्या मनानं म्हणाली होती, "घाल की." मोठं मन करायला तेव्हा काय लागत होतं? तेव्हा अजून परीक्षा झाली नव्हती.

परीक्षा यंदाच निघाली. एरवी बी.ए.चे गुण बघून प्रवेश मिळायचा. पण यंदा अर्जांचा ढीग पडला आणि कॉलेजनं प्रवेश चाचणी ठेवली. सगळं गाव तिला चाळण म्हणत होतं. "तुमची चाळण कवा?" "चाळणीत किती राहिले?" सोप्यात सुपात तांदूळ घेऊन बसलेली अक्काताई, अरुणाची आत्ती, तर म्हणायची, "आगं, चाळणीत वर ऱ्हातं ते चांगलं का खाली पडतं ते चांगलं? पिठाला खाली पडावं लागतं, आणि तांदळाला वर ऱ्हावं लागतंय. तू पीठ हाईस का तांदूळ, ते आदी ठरीव." आत्ती लवकर विधवा झालेली. भावाच्या लेकीला शिकायला कोडोलीहून इथं आणून ठेवून घेतलेली. तिच्या तोंडात बोलणं कमी आणि ओव्या जास्त. आत्ताही मान वर न करता ती म्हणाली, "कसलं गं पत्र?" आणि उत्तराची वाट न बघता सूप हलवत गुणगुणत राहिली.

माझ्या का दारावरनं, कुणाची गं वाट गेली
सईच्या पावलानं, माझी रांगोळी मोडली

अरुणाचा पाय जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबला. आत्तीला काही कळलं नव्हतं, ती आपली सहज गात होती. पण ओवीचं तसंच असतं, ती आंधळ्यासारखी हात पुढं करून येते आणि नेमकी दुखऱ्या जागेवर टेकते. अरुणा माडीवर गेली. आपलं पाकीट तिनं फोडलं. बहात्तर गुण. प्रतीक्षा यादी, क्रमांक एक. म्हणजे यादीतलं कुणीतरी एक गळलं तर. शनिवारी दुपारपर्यंत कागद घेऊन जे हजर होणार नाहीत, त्यांच्या जागी. आज गुरुवार. तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला, जणू उजेडात आकडा वाढणार होता. खाली म्हशींची धार काढणाऱ्यांचा गलका चालू झाला होता, पितळी तांब्यांचा आवाज येत होता. तिला वाटलं, कोडोलीत आप्पा आत्ता बांधावर उभे असतील. त्याच बांधावर. बारा वर्षं त्या बांधाचा दावा चालला होता आणि आप्पांना आपल्याच दाव्यातला एक शब्द कळत नव्हता. वकिलासमोर हात जोडून उभे राहायचे, नि बाहेर आल्यावर विचारायचे, "अरुणा, 'सबब' म्हंजे गं काय?" तिलाही सांगता आलं नव्हतं. सांगितलं होतं मेहरूनं. शेजारी उभी होती, पटकन म्हणाली, "सबब म्हंजे म्हणून, आप्पा. म्हणून अर्ज करतोय असं." आप्पांनी मेहरूच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात. नववीतल्या पोरीच्या डोक्यावर ठेवलेला तो हात अरुणानं अजून मोजून ठेवला होता.

मेहरूचं सगळं असंच, न शिकता आलेलं. तिचे वडील बाबालाल कोर्टाच्या आवारात झाडाखाली पेटी मांडून बसायचे, लोकांचे अर्ज, करारपत्रं, खरेदीखतं लिहून द्यायचे. मेहरू त्या पेटीच्या सावलीत वाढली. इतर पोरी बाहुलीशी खेळतात तशी ती वादी, प्रतिवादी, चतुःसीमा असल्या शब्दांशी खेळली. आणि अरुणानं तेच शब्द वाचनालयाच्या दिव्याखाली बसून घोकले, वहीच्या समासात अर्थ लिहिले, पाठ केले. घोकलेला शब्द आणि वाढलेला शब्द यांत काय फरक असतो, ते घोकणाऱ्यालाच कळतं. परीक्षेच्या दिवशी मेहरू तिच्या पुढं डाव्या हाताला बसली होती. अरुणाच्या डोळ्यांना खोडच लागली. चार ओळी लिहायच्या, नि मान वर. मेहरूची वेणी. मेहरूचा कोपर. मेहरूनं पान उलटलं. आणि वेळ संपायला बराच अवकाश असताना मेहरू पेनाचं टोपण बोटांत धरून नुसती बसली होती. झालंसुद्धा तिचं! त्या टोपणाकडं बघण्यात अरुणाचा शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. आता वाटत होतं, तेवढं एक टोपण नसतं तर आपण वर राहिलो असतो.

दुसरं पाकीट तिनं गादीवर ठेवलं होतं. मेहरू मुरगूडला गेली होती, खालाच्या, म्हणजे मावशीच्या, लेकीच्या बाळंतपणाला, उद्या यायची होती. उद्या आली की तिच्या हातात द्यायचं. एवढं सोपं होतं. पण चार दिवसांच्या झडीनं घरातली प्रत्येक गोष्ट दमटली होती, काड्या पेटत नव्हत्या, मीठ पाणावलं होतं, आणि पाकिटाच्या डिंकाचं एक टोक सुटलेलं होतं. जरासं. नखाएवढं. अरुणानं ते दाबून बसवायला बोट लावलं, आणि बोट आत गेलं. आपणहून उघडलं, असं ती स्वतःला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, म्हणजे आपल्यालाच साक्षीला घेतलं.

मेहरुन्निसा बाबालाल अत्तार. निवड झाली आहे. गुण, अंकी, ७९.

तिनं कागद गादीवर टाकला आणि लगेच परत उचलला. सातानं नव्हे, एकानं मागं असतो तरी इतकंच जळलं असतं. तिला बहात्तर दिसेनात, एकोणऐंशी दिसेनात, नुसती ती बाहुलीसारखी वेणी दिसू लागली आणि तिच्यावरचा आप्पांचा हात. मग तिची नजर पुढं सरकली. अक्षरी. अक्षरी पुढं टाइप केलं होतं, एकोणसत्तर.

तिनं पुन्हा वाचलं. अंकी ७९. अक्षरी एकोणसत्तर. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. खालून आत्तीचं सूप थांबल्यासारखं वाटलं. एकोणसत्तर म्हणजे बहात्तरच्या खाली. एकोणसत्तर म्हणजे मेहरूचं नाव यादीतून गळणार, आणि तिथं प्रतीक्षेतलं पहिलं नाव चढणार. आणि कायदा काय म्हणतो? अंक आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षर धरायचं. हे तिला कुणी सांगितलं होतं? बाबालालचाचांनीच. शाळा सुटल्यावर दोघी झाडाखाली बसायच्या, तेव्हा ते सांगायचे, कुणा अडाण्याच्या एक गुंठ्याचे अकरा कसे झाले. "एकाशेजारी एक काडी मारायला काय लागतंय पोरींनो? म्हणून अक्षरी लिवायचं. अक्षरात काडी मारता येत न्हाय." त्या वेळी ते बोलणं अरुणाच्या मनात बी पडावं तसं पडलं होतं, नि आज, इतक्या वर्षांनी, कसल्या मातीत ते उगवून वर आलं होतं.

आणि त्याच क्षणी दुसरंही आठवलं. ते आठवायला नको होतं. पाचवीचा वर्ग. मेहरू उर्दू शाळेतनं नवीनच आलेली. बाईंनी अंकलेखन घातलं, "एकोणसत्तर." मेहरूनं पाटीवर ७९ लिहिलं. वर्ग हसला. पुन्हा, "एकोणऐंशी." मेहरूनं ८९. वर्ग खिदळला. सत्तर ऐकलं की ती सात लिहायची, ऐंशी ऐकलं की आठ. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीमागं रडत बसली तेव्हा वर्गप्रमुख अरुणानं फरशीवर खडूनं घरं आखली होती. "हे बघ. एकोण म्हंजे एक उणं. पुढच्या घराकडं बघायचं. ऐंशीचं घर दिसतंय? त्याच्या उंबऱ्याला पाय लावायचा, आणि एक पाऊल मागं यायचं. तिथं एकोणऐंशी." मेहरूनं परकर वर धरून उड्या मारल्या होत्या, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. त्यानंतर ती कधी चुकली नाही. पण अशी चूक करणारी मेहरू एकटी थोडीच होती? सात दिसला की सत्तर म्हणणारी माणसं गावोगाव होती, आणि त्यांतलं एखादं कॉलेजच्या कचेरीत टाइपरायटरवरही बसलेलं असणार. म्हणजे अंक खरा होता. अक्षर खोटं होतं. अरुणाला हे बघताक्षणीच कळलं होतं, आपली जीभ आपल्याला ठाऊक असते तसं. मेहरूला एकोणसत्तर पडणं शक्यच नव्हतं. हे इतकं पक्कं ठाऊक होतं की जागा मिळण्याच्या सुखाचा घोटही तिला धड गिळता येईना.

पण नियम नियम असतो. तिनं पाकीट पिशवीत घातलं, साडी बदलली. "आत्ती, मी कॉलेजात जाऊन येतो."

"आत्ता?" आत्तीनं सूप खाली ठेवलं. "दिवस मावळायच्या आत ये बाई. मावळल्यावर मी घास घेत न्हाय, तुला ठावं हाय. काय लिवलंय पत्रात?"

"वेटिंगला हाय. पहिला नंबर."

"म्हंजे वर का खाली?"

"मधी," अरुणा म्हणाली. "चाळणीच्या भोकात अडकल्यागत."

आत्ती हसली, पण डोळ्यांनी नाही. "निपाणीकडची माणसं परवा परत विचारून गेली. तुझ्या आप्पाला म्या सांगितलंय, पोरीचं हुईस्तर तोंड उघडायचं न्हाय. काय हुतंय ते हू दे." अरुणानं चपला घातल्या. तिच्याही मागं एक मुरगूड होतं, त्याचं नाव निपाणी होतं, एवढंच. महाद्वारावरनं, भवानी मंडपाच्या कमानीखालनं ती चालू लागली. काय बोलायचं ते मनात जुळवत होती. साहेब, या पत्रात एक विसंगती आढळली. विसंगती, चांगला शब्द. कुणाचं पत्र? मैत्रिणीचं. मग मैत्रीण का आली नाही? इथं वाक्य अडत होतं. प्रत्येक वेळी याच ठिकाणी, भरल्या घागरीसारखं हिंदकळत होतं. एकोण हा शब्द तिच्या पावलांबरोबर वाजू लागला. किती हलकट शब्द आहे, तिला वाटलं. बाकीच्या आकड्यांना स्वतःचं नाव असतं. बहात्तर म्हणजे बहात्तर. एकोणाला स्वतःचं काही नाही. जे आहे त्यावरनं त्याला कुणी हाक मारत नाही, जे कमी आहे त्यावरनं मारतात, आणि तीही शेजारणीच्या नावानं. मी तशी आहे. आप्पांच्या डोळ्यांत, प्राध्यापकांच्या बोलण्यात, माझ्या स्वतःच्या आरशात. एकोणमेहरू.

भाऊसिंगजी रोडला कॉलेजकडं जायचं वळण आणि कोर्टाचं फाटक एकाच ठिकाणी येतं. तिचा पाय वळणावर थांबला. एकदा खात्री करून घ्यावी. नियम तोच आहे ना, बदलला नाही ना, एवढंच विचारावं. असं म्हणून ती आवारात शिरली, आणि शिरल्यावर तिला कळलं की आपण बापाकडनंच लेकीविरुद्ध निकाल आणायला निघालो आहोत.

झाडाखाली बाबालाल एका म्हातारीचा अर्ज लिहीत होते. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानावर दुसरं पेन.

"वय किती लिवू, तानाबाई?"

"लिव की तुझ्या मनानं."

"कोर्टात माझं मन चालत न्हाय, आजी."

"मग घाल पन्नास."

"पन्नास तुमच्या लेकाचं हाय, मागच्या अर्जात मीच घातलंय."

"मग त्याचं कमी कर की मेल्याचं!" म्हातारी म्हणाली, आणि आजूबाजूचे सगळे हसले. बाबालालनी मान वर केली. "आगं, अरुणा! ये, बस. त्या पेटीवर बस. च्या सांगतो." म्हातारीचा अंगठा घेऊन त्यांनी तिला वाटेला लावलं. अरुणा बसली. लहानपणी या पेटीवर दोघी मावायच्या. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सरळ विचारलं, "चाचा, कागदात अंकी एक असलं नि अक्षरी दुसरंच असलं, तर काय धरायचं?"

"अक्षरी," ते म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. "अंकाचं काय, माशी बसली तरी बदलतोय. का? आप्पांचा कागद हाय काय?"

"न्हाय. एका... वळखीच्याचा." जिंकल्यावर अंग हलकं होतं म्हणतात. अरुणानं पिशवी आणखी घट्ट धरली. बाबालाल बशीत चहा ओतत, फुंकर घालत बोलू लागले. "मेहरूचं कार्ड आलं मुरगुडासनं. लिवतीया, अब्बा, अरुणाचं पत्र आलं असंल, तिला मिळालं असंल, मला काय मिळत न्हाय. आगं, रातभर रडलीती परीक्षेच्या दिवशी, तुला सांगिटली न्हाय? शेवटचा प्रश्न तिनं सोडला. मागं वळून बघितलं तवा अरुणा खाली मान घालून लिवतच हुती म्हणं, आणि हिला काय सुचंना, नुसती पेनाचं टोपण धरून बसली. जळती बघ तुझ्यावर. पयल्यापासनं. तुझं अक्षर, तुझी वही, तुझं पाठांतर. आमच्यात कुणाला घोकायची सवय न्हाय ना, तिला वाटतंय, घोकणारी माणसं कधी पडत न्हाईत."

अरुणानं बशी खाली ठेवली. कुणीतरी आपल्यावर जळतं आहे. हे सुख होतं की काय होतं, तिला उमगेना. म्हणजे त्या टोपणामागं मोकळं अंगण नव्हतं, तिथंही धूरच होता. इतकी वर्षं दोघी एकमेकींच्या उंबऱ्याला पाय लावून एक पाऊल मागं येत राहिल्या होत्या? तिच्याच डोळ्यांसमोर फरशीवरची खडूची घरं आली, पावसानं धुतली गेलेली, आणि त्यांत उड्या मारणारी दोन बारकी पोरं, कोण पुढं कोण मागं ते ओळखू येईना. ती काही म्हणणार नव्हती. ती उठून जाणार होती. पण हात पिशवीत गेला आणि पाकीट बाहेर आलं.

बाबालालनी नाव वाचलं. मग पाकीट उलटून पाहिलं. "उघडं हाय."

"डिंक सुटलाता."

"झडीचं दिवस," ते म्हणाले. एवढंच. पण बराच वेळ त्यांचं बोट त्या सुटलेल्या टोकावर राहिलं. मग त्यांनी कागद काढला, हात लांब करून वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यांच्या ओठांची हालचाल तिला दिसत होती. शेवटी त्यांनी कागद घडीवर घडी घालून गुडघ्यावर ठेवला. "अक्षरी," ते म्हणाले. आवाज तसाच, मघाचाच. "एकोणसत्तर. सांगिटलं ते सांगिटलं. लेक माझी असली म्हणून कायदा दुसरा हुईत न्हाय." आणि मग खाली बघून, "तुला किती?"

"बहात्तर. वेटिंगला पहिला नंबर."

त्यांनी घडीवरनं अंगठा फिरवला. फाटकाबाहेर टांग्याची घंटा वाजत गेली. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही आरोप नव्हता, आणि म्हणूनच अरुणाला ते सोसेना. असा बाप आहे हिला, तिच्या मनात आलं, आणि पुन्हा जळलं, चांगलं लालबुंद जळलं. हेवा कुठं गेला नव्हता, जागच्या जागी होता. त्या जळण्यातूनच ती बोलली, भांडल्यासारखी. "चुकीचं हाय, चाचा! टाइप करणाऱ्याचं चुकलंय. सात बघितला की सत्तर म्हणत्यात माणसं. मेहरूपण पाचवीत तसंच लिवायची. अंक आदी आलाय, अक्षर त्याच्यावरनं केलंय. एकोणऐंशीला एकोणसत्तर म्हणणारी ढीग हाईत, पर सहाला बघून कुणी सात लिवलं, असं झालंय काय कधी? उत्तरपत्रिका काढून बघा म्हणावं. बेरीज बघा म्हणावं!"

बाबालाल तिच्याकडं बघत राहिले. चष्म्याच्या वरनं, मेहरूसारखेच तपकिरी डोळे. "हे सगळं लिवून द्यावं लागंल," ते हळू म्हणाले. "उद्या कचेरी उघडायच्या आत. गुणांची पडताळणी करावी म्हणून." त्यांनी कोरा कागद पेटीवर पसरला, समास दुमडला, आणि लिहायला उचललेलं पेन तसंच उलटं करून तिच्यापुढं धरलं. "घरचा अर्ज मी लिवत न्हाय. हाताला कळतंय लेक कुणाची. तू लिव."

तिनं लिहिलं. ते सांगत नव्हते, नुसते बघत होते. विनंती अर्ज. सबब, हा शब्द लिहिताना आप्पा आठवले. उमेदवाराचे पत्रात अक्षरी नमूद केलेले गुण हे लिहिण्यातील चूक असून, वास्तविक गुण अंकी ७९, अक्षरी. इथं पेन थांबलं. सूर्य टाऊन हॉलच्या झाडांखाली उतरला होता. घरी आत्ती ताट झाकून उंबऱ्यात बसली असेल, उजेडाकडं बघत. एक शब्द. अजूनही तो लिहिला नाही तर कागद कोराच होता, आणि शनिवार अजून यायचा होता. बाबालालनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं. अरुणानं डोळे मिटले, ऐंशीच्या घराकडं पाहिलं, त्याच्या उंबऱ्याला पाय लावला, आणि एक पाऊल मागं आली.